उजेडावर जगणारा कॅमेरा

माझ्या दारासमोरच्या घरात झाकणकाका राहत. हे नाव त्यांना दुकानात पडलं. चाळीस वर्षं त्यांचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने काय बिघडलंय ते सांगायला तोंड उघडायच्या आत ते म्हणत, "आधी भिंगाला झाकण लावा, मग बोला." त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, हे नाव ऐकून हसू आवरत नसे. "घरात चहाच्या डब्याला लावत नाहीत, साखरेच्या बरणीला लावत नाहीत, मुंग्या सगळ्या माझ्या वाट्याला," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

वहिनी जाऊन आता सात वर्षं झाली. त्याच्याही आधी लोकांच्या हातात फोन आले, फोनमध्ये कॅमेरे आले आणि दुकानाची पायरी चढणारं कोणी उरलं नाही. एकुलती एक मुलगी लांबच्या शहरात नोकरीला. गाडीने दीड दिवस लागतो. मी शाळेत मास्तर, ती माझ्याच वर्गात शिकली. गणितात बरी, भांडणात त्याहून बरी. लग्न केलं नाही, एकटीच राहते. इकडे काका एकटे, तिकडे ती एकटी.

काकांना घरी बसायची सवय नव्हती. त्यांचं नशीब असं की इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेला त्याच सुमारास एक हात हवा होता. तिथल्या मुख्य बाई एक नवाच कॅमेरा बनवत होत्या. त्याला वायर नाही, बॅटरी नाही. नखाएवढी एक चकती, तिच्यावर हजारो ठिपके, आणि त्या चकतीसमोर मसुराच्या दाण्याएवढं भिंग बसवायचं. शिकल्यासवरल्या मुलांच्या हातून ते भिंग चिमट्यातून निसटून जमिनीवर जाई आणि मग चार जण गुडघ्यावर बसून फरशी चाचपत. कोणीतरी बाईंना काकांचं नाव सुचवलं. काकांनी पहिल्याच दिवशी सात भिंगं बसवली आणि आठव्याच्या वेळी म्हणाले, "आता चहा."

तो कॅमेरा चालतो कसा, हे काकांनी मला समजावलं ते असं: "मास्तर, साध्या कॅमेऱ्यातला ठिपका फक्त बघतो. त्याला चालवायला वीज बाहेरून लागते. आमच्या बाईंचा ठिपका आधी बघतो आणि मग उरलेल्या वेळात तोच उजेड खात बसतो. पोटभर झालं की एक फोटो काढतो, पाठवतो, परत खायला बसतो. उन्हात ठेवला तर मिनिटाला दहा फोटो. खोलीत ठेवला तर पाच मिनिटांनी एक. अंधारात ठेवला तर उपाशी. मग फोटोबिटो काही नाही."

"आणि फोटो कसा येतो?"

"वाईट," काका मनापासून म्हणाले. "धुक्यात कोणी उभं आहे असं वाटतं. पण उभं आहे एवढं कळतं."

गेल्या वर्षी एका सकाळी काका न्हाणीघरात घसरले. डोक्याला लागलं नाही, पण गुडघा वळला आणि उठता येईना. दार आतून बंद. अकरा वाजता पाणी बंद झालं म्हणून मी त्यांना सांगायला गेलो तेव्हा आतून आवाज आला, "मास्तर, दार तोडायला लागेल, माफ करा." अडीच तास ते ओल्या फरशीवर बसून होते.

मुलगी आली. चौथ्या दिवशी भांडण सुरू झालं. भिंती पातळ आहेत, आणि खरं सांगायचं तर काकांनीच मला साक्षीदार म्हणून बोलावून घेतलं होतं.

"माझ्याकडे चला," ती म्हणाली.

"तिकडे मी करू काय?"

"इथे काय करता?"

"इथे मला माहीत आहे मी काय करत नाही ते."

"बाबा, मग घरात कॅमेरा बसवते. मला फोनवर दिसाल. पडलात तर कळेल."

"म्हणजे मी बनियनवर बसलो तरी तू बघणार? चाळीस वर्षं मी लोकांचे फोटो बघितले, पण विचारून."

मग काकांनीच तोडगा काढला. प्रयोगशाळेत एक नापास तुकडा पडून होता. त्याच्या ठिपक्यांची एक ओळ मेलेली होती, त्यामुळे प्रत्येक फोटोत मधोमध काळी रेघ यायची. बाईंना तो एखाद्या साध्या घरात, घरच्या उजेडात किती दिवस तग धरतो ते बघायचंच होतं. काका म्हणाले, तो लावू. दिसेन, पण धुक्यातला दिसेन. बनियन की शर्ट ते कळणार नाही.

मुलीने अट घातली. दुपारी बारा वाजेपर्यंत निदान एक फोटो आला पाहिजे आणि त्यात बाबा दिसले पाहिजेत. नाही आला तर ती फोन करणार. असं दोनदा झालं की बॅग भरायची.

"पाचदा," काका म्हणाले.

"हा काय बाजार आहे? दोनदा."

"सर, सांगा हिला," काका माझ्याकडे वळून म्हणाले. एरवी ते मला मास्तर म्हणत. अडचणीत आले की सर.

मी तीन म्हटलं. दोघांनी माझ्याकडे नापसंतीने पाहिलं आणि तीन ठरलं. तीनदा चुकलं की काकांनी हे घर बंद करून लेकीकडे जायचं. ती गेली. समोरच्या कपाटावर तो नखाएवढा कॅमेरा आणि भिंतीच्या प्लगला त्याचे फोटो पुढे पाठवणारी एक डबी, एवढं मागे राहिलं.

पहिली चूक तिसऱ्याच दिवशी झाली. बारा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. "सर, बाबा फोन उचलत नाहीत. फोटो नाही आलेला सकाळपासून. प्लीज बघा." मी चप्पलही न घालता धावलो. काकांनी दार उघडलं. हातात चहाचा कप.

"अहो, तुम्ही ठीक आहात ना?"

"दिसतोय ना तुम्हाला?"

"मला दिसताय. तिला दिसत नाही आहात."

फोन स्वयंपाकघरात राहिला होता. आणि कपाटावरच्या कॅमेऱ्यावर एक काळं, गोल झाकण होतं. जुन्या फिल्मच्या डबीचं झाकण कापून, आतून मखमल चिकटवून काकांनी ते खास बनवलं होतं. रोज संध्याकाळी काम संपलं की भिंगावर झाकण, ही चाळीस वर्षांची सवय. सकाळी ते काढायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाई पोटभर हसल्या. "काका, तुम्ही याला उपाशी मारलंत हो."

काका हसले नाहीत. मला घरी येऊन म्हणाले, "आमच्या धंद्यात उजेड म्हणजे चोर होता, मास्तर. फिल्मवर जरा कुठून शिरला की कोणाच्या तरी मुंजीचे, कोणाच्या बारशाचे फोटो गेले कामातून. सगळा जन्म मी भोकं बुजवत बसलो. आता एकदम त्याला दार उघडून जेवायला बसवायचं म्हणजे हात वळत नाही."

दुसरी चूक दहाबारा दिवसांनी. आभाळ भरलेलं होतं आणि खोलीत पडदा ओढलेला. तो पडदा कायमच ओढलेला असे. याचं कारण समोरच्या भिंतीवर होतं. तिथे वहिनींचा एक रंगीत फोटो होता. फोटोवाल्यांशी आयुष्यभर संबंध असलेल्या माणसाची बायको, पण तिला फोटो काढून घ्यायचा भारी कंटाळा. कॅमेरा दिसला की तोंडापुढे हात. तीस वर्षांत हा एकच धड आला होता, आणि त्यातही हात तोंडाकडे निघालेला आहे, पोचलेला नाही, त्या हसत काहीतरी रागावून बोलत आहेत. काकांनी तो स्वतः अंधारखोलीत छापला होता. गालाचा रंग जमेना म्हणून चार कागद फुकट घालवून पाचव्यावर जमवला. मूळ निगेटिव्ह दुकान बंद करताना पाण्यात गेली. रंगीत कागद उन्हाने फिकट होतो, म्हणून पडदा.

"मग त्याची कॉपी काढून घ्या ना," मुलगी फोनवर म्हणाली. काकांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, बहुधा मी ऐकावं म्हणून. "मी मोठी करून आणते. दहा आणते."

"कॉपीत गाल तिचा येणार नाही."

"बाबा, गाल आहे तसाच येतो."

"तुला काय माहीत? तू तेव्हा पाच वर्षांची होतीस."

"दुसरी वेळ झाली, एवढं लक्षात ठेवा. पडदा उघडा नाहीतर बॅग काढा."

दोन दिवस काकांनी विचार केला. स्वयंपाकघराची खिडकी बोळात उघडते, तिथे दुपारीही दिवा लावावा लागतो. उजेडाची खिडकी एकच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा पडदा पूर्ण बाजूला केलेला होता आणि काका फोटोच्या कागदांच्या जुन्या पाकिटातल्या काळ्या कागदात वहिनींना गुंडाळत होते. कोपरे नीट दुमडून, टेप लावून. मग ते पाकीट कपाटात कपड्यांच्या खाली गेलं.

"बघावंसं वाटलं तर?" मी विचारलं.

"संध्याकाळी दिवा मंद करून काढीन," ते म्हणाले. पण काढत नसत. ते मी नंतर विचारलं. सारखं काढघाल केली की कोपरे मळतात, म्हणाले.

त्यानंतर कॅमेरा घड्याळासारखा चालू लागला. सकाळचा उजेड खिडकीतून आत आला की नऊच्या आत पहिला फोटो. बाई खूश, लेक खूश. मला ती कधीमधी फोन करून सांगे, "सर, आज बाबा अकरापर्यंत खुर्चीतच होते. पेपर वाचत होते वाटतं, हातात काहीतरी पांढरं होतं." तिचा आवाज हलका झाला होता. एवढ्या लांब राहणाऱ्या लेकीच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि त्याचा मलाही आनंद होता.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. कॅमेरा यायच्या आधी ती रोज सकाळी आठला, ऑफिसला निघताना फोन करत असे. दोन मिनिटं. गोळी घेतली का, गुडघा कसा आहे, काल काय जेवलात. काका त्याला हजेरी म्हणत आणि नाक मुरडत. "आली बघा लेकीची हजेरी," म्हणत फोन उचलत. आता आठ वाजता फोन वाजत नसे. गरजच काय? बाबा दिसत होते ना. आधी दिवसाआड झाला, मग रविवारी, मग रविवारीही तिला कामं निघू लागली. आठ वाजता मी पेपर द्यायला जाई तेव्हा फोन काकांच्या मांडीवर असे. सव्वाआठला ते तो उचलून टेबलावर ठेवत.

"तुम्ही करा ना तिला," मी म्हटलं.

"तिची निघायची घाई असते. आणि सांगू काय? सगळं तर बघतेच ती."

एक दिवस त्यांनी मला विचारलं, "मास्तर, मी इथून हात हलवला तर तिला दिसत असेल का हो?"

"दिसत असेल की."

"मी रोज हलवतो. नऊ वाजता. ती कधी काही बोलली नाही."

त्यांनी प्रयोगशाळेत बाईंना विचारलं. बाईंनी कागदावर आकृती काढून समजावलं. खोलीतला उजेड कमी, म्हणून एकेक फोटो भरायला कॅमेऱ्याला बराच वेळ लागतो. त्या वेळात जे हलतं ते पुसलं जातं, जे जागच्या जागी असतं ते उमटतं. हलवलेला हात येणारच नाही. हात न हलवणारा माणूस येतो.

काकांनी घरी येऊन मला ते सगळं तसंच्या तसं सांगितलं, आकृतीसकट. "म्हणजे बघा, मी चांगला बसून राहिलो की तिला दिसतो. काही करायला गेलो की दिसत नाही." ते हसत होते, पण त्यानंतर सकाळी नऊ ते दहा ते खुर्चीत खरोखरच पुतळ्यासारखे बसू लागले. पेपरचं पानसुद्धा उलटत नसत. उठताना गुडघा धरून येई. समोर मोकळी भिंत, बाजूला उघडी खिडकी. मी एकदा दारातून बघितलं आणि आत न जाता परत आलो. मी आत गेलो असतो तर ते हलले असते.

असे पाच महिने गेले.

एका सोमवारी साडेअकराला त्यांनी मला चहाला बोलावलं. बाहेर लख्ख ऊन होतं. काकांनी दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी खुर्चीत टेकलो आणि माझी नजर कपाटाकडे गेली. कॅमेऱ्यावर ते काळं झाकण.

"अहो काका, झाकण!" मी उठलो.

"बसा, मास्तर."

"अहो, पावणेबारा होतायत. विसरलात तुम्ही."

"बसा. चहा गार होतोय."

मी बसलो. आम्ही दोघे घड्याळाकडे बघत चहा प्यायलो. शाळेत परीक्षेची शेवटची पंधरा मिनिटं असतात तशी ती होती, फक्त इथे पेपर कोणाचा ते मला कळत नव्हतं. बाराला पाच कमी असताना मी पुन्हा म्हटलं, "तिसरी वेळ होईल. तिने सांगितलंय, आणि ती बोलते ते करते. घर सोडावं लागेल तुम्हाला."

"तीन तुम्हीच ठरवले होते," ते म्हणाले. "बरं केलंत. पाच असते तर फार लांबलं असतं."

बारा वाजून तीन मिनिटांनी फोन वाजला. त्यांनी तो दुसरी घंटा होऊ न देता उचलला, आणि आवाज मोठा केला.

"बाबा! बरे आहात ना? काय झालं?"

"बरा आहे. काही नाही झालं."

"मग फोटो का नाही एकही? ऊन नाही का तिकडे?"

"ऊन आहे. झाकण लावलंय."

"अहो बाबा! परत विसरलात?" तिने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात हो म्हटलं असतं तर तिने सोडून दिलं असतं. मला तिच्या आवाजावरून ते कळत होतं, काकांनाही कळत असणार.

"विसरलो नाही. लावलं."

पलीकडे कोणीतरी तिला हाक मारली. ती म्हणाली, "एक मिनिट," पण ते आम्हाला नव्हे, त्या माणसाला. मग दार लावल्याचा आवाज आला.

"का लावलं?"

काकांनी कपाटावरच्या झाकणाकडे पाहिलं.

"बाबा, ही तिसरी वेळ आहे."

"मोजलंय मी."

"मी रोज बघते तुम्हाला. सकाळी बघते, जेवताना बघते. दिवसातून चारचारदा बघते. तुम्हाला वाटतं माझं लक्ष नाही?"

"असेल ना लक्ष. तू बघतेस," काका म्हणाले. "मला कुठे दिसतेस तू?"

मी कपबशा उचलल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. त्यांच्या त्या वाक्यानंतर मी तिथे बसणं बरं नव्हतं. नळाच्या आवाजात पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. ती रडत होती की विचार करत होती, मला माहीत नाही. काही वेळाने काकांचा आवाज आला, अगदी नेहमीचा.

"ये शनिवारी. बॅग कोणती काढू? छोटी की मोठी?"

तिचं उत्तर मला ऐकू आलं नाही. पण संध्याकाळी काकांनी माळ्यावरून मोठी काढली, आणि ती मला धरायला लावली.

शनिवारी ती आली. चार दिवस बापलेक घर आवरत होते आणि पहिल्यासारखंच भांडत होते. कुठले स्क्रू टाकायचे आणि कुठले ठेवायचे यावरून एक अख्खी दुपार गेली. "बाबा, हा कशाचा आहे हे तुम्हालाही माहीत नाही." "म्हणून तर ठेवायचा. माहीत असलेले मिळतात बाजारात." काळ्या कागदातलं पाकीट त्यांनी स्वतः बॅगच्या तळाशी ठेवलं, वर दोन स्वेटर. कॅमेरा प्रयोगशाळेत परत गेला. बाईंनी तो हातावर घेऊन सांगितलं की साध्या घरात पाच महिने तो एकदाही बिघडला नाही, आणि फोटो धड आले त्याचं निम्मं श्रेय काकांच्या बसण्याला आहे. काकांनी मान डोलावली. भिंगाशी काम करणाऱ्या माणसाला स्तुती तशी कमीच मिळते.

निघताना त्यांनी मला मिठी वगैरे मारली नाही. "येतो मास्तर," म्हणाले, आणि जिना उतरताना लेकीच्या खांद्यावर हात ठेवला, गुडघ्यासाठी.

दोन महिने काही खबर नव्हती. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. तिथलं घर सातव्या मजल्यावर आहे. लेक आठला जाते, सातला येते. तोवर ते एकटे. शेजारी कोण राहतं ते अजून कळलेलं नाही, सगळी दारं बंद. खाली उतरायला लिफ्ट आहे, पण उतरून जायचं कुठे? आमच्या जिन्याचं काय, माझ्या दम्याचं काय, हे सगळं त्यांनी सावकाश विचारलं. त्यांच्याकडे वेळ होता.

"म्हणजे तिथेही एकटेच की हो तुम्ही," मी म्हटलं. बोलून गेल्यावर वाटलं, म्हणायला नको होतं.

"एकटाच," काका म्हणाले. "दिवस इथेही तेवढाच लांब आहे, मास्तर. पण सात वाजता दारात किल्ली फिरते. आल्या आल्या चपला काढायच्या आत विचारते, काय केलंत दिवसभर? मी म्हणतो, काही नाही. मग दिवसभर काय केलं नाही ते सांगत बसतो. ऐकते."